समालोचकालाच दार बंद

२५ मे २०२५ रोजी चेल्सीविरुद्धच्या सामन्यासाठी नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश फुटबॉल क्लबने स्काय स्पोर्ट्स वाहिनीचे समालोचक गॅरी नेव्हिल यांना आपल्या सिटी ग्राउंड या मैदानावर प्रवेश नाकारला, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. ११ मे रोजी लेस्टरशी २-२ बरोबरी होताच क्लबमालक मारिनाकिस थेट मैदानात उतरून प्रशिक्षक नुनो यांच्यासमोर उभे ठाकले होते आणि नेव्हिल यांनी त्यावर कडक शब्दांत टीका केली होती. हजारो प्रेक्षकांदेखत जे घडले, त्यावर बोलणे हे तर समालोचकाचे कामच आहे. मालकाची मर्जी राखून बोलणाऱ्यालाच आत घेतले, तर घरी बसून ऐकणाऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा? स्काय स्पोर्ट्सने आपला कार्यक्रम स्टुडिओतूनच सादर केला, हे योग्यच झाले. तो सामना चेल्सीने १-० असा जिंकला.