मारिओच्या मिशा आणि मांजरसुंब्याचा घाट

माझी नोकरी आकडेमोडीची, चित्रं फावल्या वेळची. हौशी माणसाला प्रभाव विचारला की त्यानं दोनचार थोर चित्रकारांची नावं घ्यावीत, अशी रीत आहे. माझे गुरू मात्र टीव्हीतले. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी स्थिरचित्रातला तांब्या आणि वांगं घोटून घेतलं, त्याचं ऋण आहेच. पण हाताला वळण लागलं ते व्हिडिओ गेममधल्या मारिओमुळं.

१९८५च्या त्याच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाला जेमतेम ४० केबी जागा होती. आज घरच्या ग्रुपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा याहून जड भरतो. मग खेळ बनवणाऱ्यांनी काय केलं, तर ढग आणि झुडूप एकाच आकारातून काढलं. पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप! मारिओच्या मिशांचंही तेच. तो आधी आला १९८१च्या 'डाँकी काँग' या खेळात, तेव्हा त्याला घडवणाऱ्या शिगेरू मियामोतोकडं पडद्यावरचे ठिपकेच इतके मोजके होते की तोंड दाखवायला जागा उरेना. मग मोठं नाक आणि खाली मिशा. केस हलताना दाखवणं अवघड, म्हणून टोपी. आमचे थोरले मामा काढताना मला हेच कामी येतं. फेटा आणि मिशा जमल्या की डोळे काढले काय, न काढले काय. आई लांबूनच म्हणते, "हा तर दादा!"

खरा गोंधळ निसर्गचित्रात होतो. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना बालाघाटाचे डोंगर दिसतात: वरून सपाट, कडेनं पायऱ्यापायऱ्यांचे. मला तिथं हमखास कार्टूनमधला रोड रनर आठवतो. १९४९मध्ये दिग्दर्शक चक जोन्सनं तो पक्षी पडद्यावर आणला. पुढं त्याचा चित्रकार मॉरिस नोबलनं पक्ष्यामागचं वाळवंट असं मांडलं की दोन सपाट रंग आणि एक तिरकी सावली, झाला डोंगर. तिकडचे खडक बहुतेक वाळूचे, आपले लाव्ह्याचे. पण कडक थर टिकतो आणि मऊ झिजतो, हा हिशोब दोन्हीकडं एकच. त्यामुळं मी उन्हाळ्यातला बालाघाट तांबडा-जांभळा रंगवतो. "आपल्याकडं असा रंग कुठं असतो रे?" असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यात संध्याकाळी सहाच्या एसटीत खिडकीशी बसून बघावं.

काळ्या बाह्यरेषेचा मोह सुटला तो 'सामुराय जॅक'मुळं. २००१च्या त्या कार्टून मालिकेत माणसांना बाह्यरेषाच नाही, नुसता रंगाला रंग भिडलेला. शाळूचं रान काढायला याहून सोपी युक्ती मला तरी सापडलेली नाही. एकेक ताट रेषेनं कोरत बसलं तर रानाचा गजरा होतो. त्याऐवजी खाली मळकट हिरव्याचा पट्टा, वर कणसांचा पिवळसर-पांढरा, आणि मधेच बुजगावण्याचा लाल सदरा. तेवढ्यावर हुरड्याचा वास येतो. निदान मला तरी.

जाणकार मंडळी याला 'कार्टूनछाप' म्हणतात. म्हणोत बापडे.

परवा नवीन चित्र भाच्याला दाखवलं. घाट, वर ढग, खाली बाभळी आणि मधे पाण्याची टाकी. त्यानं बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "मामा, उडी कुठून मारायची?"

मी म्हटलं, "टाकीवरून. पण आधी त्या बाभळीवर चढावं लागतं."