अडकणारी .२२ रायफल आणि ‘गोळ्या बदला’

‘गोळ्या बदला.’ सेमी-ऑटोमॅटिक .२२ (बारीक काडतुसाची, दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी रायफल) अडकते म्हणून दुकानात दुरुस्तीला न्यायची आणि दर वेळी हेच ऐकून परत आणायची, याचा राग अजून गेलेला नाही.

सल्ल्यात तथ्य असतं, हे खरं. या रायफली बहुतेक ब्लोबॅक पद्धतीच्या. बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला, कुठे खटका बसत नाही. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढंच त्याला धरून ठेवतं. बार झाला की पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) त्याला मागे ढकलते. गोळीत जोर कमी असेल तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रायफल अडकते. ४० ग्रेन वजनाची स्टँडर्ड गोळी सेकंदाला साधारण १,०७० फूट वेगाने जाते, हाय-व्हेलॉसिटी १,२०० च्या पुढे. मी हाय-व्हेलॉसिटी वापरली, कंपन्या बदलल्या. अडकणं कमी झालं, थांबलं नाही. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) घासून साफ केलं. मॅगझिनांवर नंबर टाकले. हे सगळ्यांनीच करावं, एका मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले असले तरी बोल रायफललाच लागतो. माझ्याकडे सगळ्या मॅगझिनांत तोच प्रकार होता.

हे सांगूनही रायफल दुकानात नुसती पडून राहायची आणि तेल लावून परत यायची. तेलही इतकं, की त्यात काजळी आणखी चिकटायची. बोल्ट कोणी उघडला नव्हता, हे बघताच कळायचं.

शेवटी मी प्रत्येक अडथळा वहीत लिहायला लागलो: काडतूस वर चढताना अडलं, पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली, की आतच राहिली? बहुतेक वेळा ती आत राहत होती आणि पुढच्या काडतुसाचं टोक तिच्यावर आदळत होतं. मग रेंजवरच, नळी लक्ष्याकडे ठेवून, न उडवलेलं काडतूस हाताने बोल्ट ओढून काढून पाहिलं. बाहेर येईना! तिथे उलगडा झाला. बार होतो तेव्हा दाबच पुंगळीला मागे फेकतो, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर (पुंगळीची कड पकडून ती ओढणारा बोल्टवरचा छोटा आकडा) कमजोर असला तरी बरंच झाकलं जातं. हाताने ओढताना दाब नसतो, सगळं काम त्या आकड्याचं. वही समोर ठेवली तेव्हा कुठे दुकानवाल्यांनी भिंग घेतलं. आकड्याची धार गोल झालेली, मागे घाण भरलेली, स्प्रिंग मेलेली. नवा आकडा, नवी स्प्रिंग, आणि रायफल सुरळीत. एवढ्याशा तुकड्यासाठी इतकी वाट पाहायला लावली!

आता आठवलं म्हणून: रिकाम्या रायफलचा चाप ओढत बसू नका. काही .२२ मध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, तिथे बुरी (धातूचा उचललेला खरबरीत कंगोरा) येते आणि काडतूस आत-बाहेर होताना अडतं. आकडा बदलण्याआधी ती कड बघून घ्या.

अडकली की आधी बोट चापावरून बाजूला, नळी लक्ष्याकडे, मॅगझिन बाहेर, मग बाकीचं. चाप ओढून बार झालाच नाही तर नळी तशीच ठेवून निदान ३० सेकंद थांबा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचं काडतूस चढवू नका. रायफल रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे का बघा. गोळी आत अडकलेली असू शकते. आणि हाताने काडतूस काढून पाहायची चाचणी फक्त रेंजवर करा, घरी कधीच नाही.