पावसाळ्यात गिटारची पेटी बंद करायची नाही! सध्या कुणाच्या टेबलावर काय चाललंय

बरेच जण विचारतायत की गिटारचं काम कुठवर आलं, तर एकदाच सगळं लिहून टाकतो, माझं पण आणि आमच्यातल्या बाकीच्यांचं पण. आम्ही काही जण आहोत, कुणी नोकरी सांभाळून करतंय, दोघांचं पोटच याच्यावर आहे, आणि जमेल तसं एकमेकांच्या वर्कशॉपमध्ये जमून कोण काय बनवतंय ते बघतो. आत्ता ऐन जुलै, पुण्यात हवा अशी की पॉलिश पेपर पण मऊ पडतो, आणि तरीही सगळ्यांची कामं चालू आहेत, फक्त कुठलं काम कधी करायचं ते आपल्या हवेप्रमाणे लावलंय. मला या पोस्टमध्ये मुख्य सांगायचंय ते हेच. गिटार बनवायची जी माहिती आपल्याला मिळते ती बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली असते, खोलीतली आर्द्रता ४५ टक्के ठेवा म्हणतात आणि पुढच्या पायरीवर जातात, आपल्याकडे त्या एका वाक्यातच सगळं अडतं.

आधी माझं सांगतो. स्टील स्ट्रिंगची ओएम साइजची (मध्यम आकाराची) अकूस्टिक करतोय, स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी ६४५ मिलिमीटर, टॉप म्हणजे पुढची फळी सिटका स्प्रूस या लाकडाची (ते बाहेरूनच मागवावं लागलं), पाठ आणि साइड शिसवाच्या. शिसव घेताना एक गोष्ट बघा, वखारीत शिसम मागितलं की बऱ्याचदा उत्तरेकडचं सिसू मिळतं, तेही चांगलं लाकूड आहे पण ते वेगळं झाड. आपल्या सह्याद्रीत होणारा शिसव म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, ज्याला जगभरचे गिटारवाले इंडियन रोझवूड म्हणतात. अमेरिकेची गिटार बनवणारी मार्टिन कंपनी आधी ब्राझीलचं रोझवूड वापरायची, ते मिळणं अवघड झाल्यावर १९६९ मध्ये ते लोक आपल्या शिसवाकडे वळले आणि आजही त्यांच्या कितीतरी मॉडेलना तेच लाकूड असतं. म्हणजे जे लाकूड तिकडे सातासमुद्रापार जातं ते आपल्या आजीच्या कपाटाला आणि देव्हाऱ्याला लागलेलं असतं, हे आठवलं की मला अजून पण फार छान वाटतं.

साइड वाकवून झाल्यात. रंध्याने दोन मिलिमीटरपर्यंत आणल्या, पाणी शिंपडलं आणि गरम पाइपवर कंबरेपासून सुरुवात केली, कारण कंबरेचा वाक सगळ्यात अवघड, तिथे साधलं तर पुढचं सोपं जातं. शिसव तापला की त्याचा जो गोडसर वास सुटतो तो दोन दिवस घरात राहतो. हे काम पावसाळ्यात बिनधास्त करता येतं, लाकूड तसंही ओलं करायचंच असतं, वाकवून झालं की साच्यात क्लॅम्प लावून ठेवायचं आणि वाळू द्यायचं, घाई करायची नाही.

मानेवरच्या फ्रेटबोर्डला फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवायच्या खाचा पण याच दिवसांत पाडल्या. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळपास हलतच नाही, त्याच्यामुळे फ्रेटची अंतरं जुलैत मोजली काय आणि जानेवारीत मोजली काय, फरक पडत नाही. हिशोब तोच जुना, उरलेली लांबी १७.८१७ ने भागत जायची, नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) पहिला फ्रेट ३६.२ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोब्बर मध्यावर. प्रत्येक फ्रेटचं माप नटपासूनच घ्यायचं, आधीच्या फ्रेटपासून घेतलं की बारीक बारीक चुका साठत जातात.

आता पेटी का बंद करायची नाही, म्हणजे टॉप आणि पाठ साइडला का चिकटवायची नाही ते. टॉपच्या रेषा उभ्या असतात आणि आतून जे ब्रेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) चिकटवतो त्यातले बरेचसे आडवे किंवा तिरके. टॉप खालच्या बाजूला साधारण ३८० मिलिमीटर रुंद. पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेत ठेवलेला स्प्रूस उन्हाळ्यात ४० टक्क्यांवर आला की ढोबळ हिशोबाने त्या रुंदीत चार-साडेचार मिलिमीटर आकसायला बघतो, आणि पुण्यात एप्रिलच्या दुपारी तर आर्द्रता याच्यापेक्षाही खाली जाते. टॉप आकसायला बघतोय पण ब्रेस लांबीत हलत नाही, तो त्याला धरून ठेवतो, मग आधी टॉपचा घुमट बसतो आणि त्यानंतर एखाद्या रात्री टक्कन आवाज येतो आणि चीर पडते. म्हणून ब्रेस चिकटवणं आणि पेटी बंद करणं ही दोन कामं कोरड्या हवेतच करायची, नंतर पावसाळ्यात टॉप थोडा फुगेल पण फुगल्याने सहसा चीर पडत नाही.

यावर आमच्यातल्या प्रत्येकाने आपापला मार्ग काढलाय. एकाने छोटी खोली बंद करून डिह्युमिडिफायर लावलाय, तो बारा महिने काम करतो. मी एक जुनं लोखंडी कपाट घेतलंय, त्यात सिलिका जेल, आणि टॉप-पाठ आत उभ्या करून ठेवल्यात, पण चिकटवायचं काम दिवाळीनंतरच. आर्द्रता मोजायचं मीटर मात्र तपासून घ्या, स्वस्तातली मीटर दहा-दहा टक्के चुकतात. झाकणाच्या डब्यात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, मीटर त्या डब्यात पाण्याला न लावता ठेवून रात्रभर बंद करा, सकाळी ७५ दाखवायला पाहिजे, जितका फरक येईल तितकं पुढे धरून चालायचं.

नाशिकचा मित्र इलेक्ट्रिक करतोय, जुन्या वाड्याच्या सागवानी तुळईची. वाडा पाडताना तुळई जळणात निघाली होती, ती त्याने उचलली. सागवान फार कमी हलतं, त्यातून इतकी वर्षं वाळलेलं, त्यामुळे पावसाळ्यात पण तो निवांत काम करू शकतो. पण सागवानाचे आपले त्रास आहेतच. जुने खिळे आत तुटून राहिलेले असतात, तो आधी चुंबक फिरवतो आणि मगच रंधा लावतो. लाकडात वाळूसारखा अंश असतो त्याने पात्याची धार लवकर जाते. तेलकट असतं म्हणून दोन फळ्या जोडायच्या आधी अॅसिटोनने पुसून लगेच चिकटवावं लागतं. आणि वजन! परदेशात इलेक्ट्रिकला जे आल्डर वापरतात त्याच्यापेक्षा सागवान बरंच जड, म्हणून त्याने बॉडीत आतून पोकळ्या केल्यात आणि वर सहा मिलिमीटरची फळी लावतोय. तुळईवरची एक जुनी चौकोनी खाच त्याने पाठीमागे मुद्दाम तशीच ठेवलीय, मला ती फारच आवडली.

मिरजेकडच्या काकांचं काम मला यावेळी सगळ्यात जास्त भावलं. मिरजेची सतार आणि तंबोरा सगळ्यांना माहीतच आहे, २०२४ मध्ये दोन्हींना जीआय मानांकन पण मिळालं, तिथल्या सतारमेकरांच्या घराण्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सतारीला तिथे तून वापरतात. हे काका तुनाचीच नायलॉन स्ट्रिंगची गिटार करतायत, मान, पाठ, साइड सगळं तून. आता बघा, गिटारच्या मानेला जगभर महोगनी वापरतात आणि तून त्याच कुळातलं झाड, हलकं, लालसर, पटाशीखाली लोण्यासारखं जातं. शिसवापुढे ते साधं दिसतं म्हणून कुणी गिटारला विचारात घेत नाही, मला वाटतं घ्यायला पाहिजे.

कुणी म्हणेल की आवाजाचं काय. तर स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसने १८६२ मध्ये एक गिटार केली होती, तिची पाठ आणि साइड चक्क कागदाच्या लगद्याच्या, आणि टॉप मात्र नेहमीसारखा स्प्रूसचा. आवाज मुख्यतः टॉपमधून येतो हे दाखवायलाच त्याने ती केली असं मानतात, ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीच्या लाकडाने फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही, पण पडतो तो मिठापुरता, आणि आपण सगळे पैसे तिथेच घालतो.

काकांच्या टॉपचं काम बघण्यासारखं होतं. अडीच मिलिमीटरच्या आसपास आल्यावर त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि स्क्रेपरवर आले, दर थोड्या वेळाने टॉप दोन बोटांत धरायचे, टिचकी मारायची, ऐकायचं, परत थोडं काढायचं. टॉप दोन पट्ट्यांवर आडवा ठेवून मध्ये वजन ठेवायचं आणि तो किती खाली जातो ते डायल गेजने वहीत लिहायचं हे पण ते करतात. माझं मत, सुरुवात करणाऱ्याने वही ठेवावीच, कान तयार व्हायला वेळ लागतो आणि तोपर्यंत आकडे उपयोगी पडतात.

ब्रेससाठी आमच्यातल्या एकाने जी युक्ती काढलीय ती सगळ्यांनी उचललीय. चाकणच्या कंपन्यांत युरोपातून मशिन येतात, त्यांच्या खोक्यांच्या फळ्या कधीकधी स्प्रूसच्या असतात आणि भंगारवाल्याकडे जातात. रुंदी कमी म्हणून टॉपला चालत नाहीत पण ब्रेसला उत्तम. फळीवरचा शिक्का बघायचा, एचटी असेल तर ती नुसती तापवलेली आहे, घ्यायला हरकत नाही, एमबी असेल तर तिच्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, तिला हात लावायचा नाही. आणि ब्रेस करवतीने कापायच्या आधी फळी पटाशीने फोडायची, म्हणजे ती रेषेवरच फुटते आणि रेषा टोकापर्यंत सलग मिळते, ताकद तिथेच आहे.

मुंबईत जो मित्र धंदा म्हणून करतो त्याच्याकडे सध्या नव्या गिटारी बंद आणि दुरुस्तीची रांग. पावसाळ्यात टॉप फुगतो, त्याच्याबरोबर तारा ज्यात अडकवतात तो ब्रिज वर येतो, तारा फ्रेटपासून लांब जातात, आणि लोक इंटरनेटवर बघून ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) पिळत सुटतात. कृपया असं करू नका. ट्रस रॉड फक्त मानेचा वाक सरळ करायला असतो, फुगलेल्या टॉपवर तो उपाय नाही, आणि जोर लावला तर रॉड तुटतो. गिटार आधी केसमध्ये सिलिका जेल घालून आठवडाभर ठेवा, मग बघा. सध्या त्याच्या टेबलावर वसईच्या एका चर्चमधली जुनी गिटार आहे, वाजवून वाजवून पहिल्या पाच फ्रेटना खड्डे पडलेत. तो सगळे फ्रेट नवे घालतोय, घालून झाले की वरून मार्करची शाई फासायची, सपाट कानस फिरवायची, शाई जिथे राहिली ती जागा खाली आहे, सगळ्यांवरची शाई जाईपर्यंत घासायचं आणि मग प्रत्येक फ्रेट परत गोल करायचा. असं काम ज्यांनी बघितलंय ते रिफ्रेटच्या पैशांवरून घासाघीस करणार नाहीत.

त्याला बाहेरच्या देशातून पण ऑर्डर येतात. शिसवाचं काय, कागदपत्रं लागतात का हे बरेच जण विचारतात. २०१७ च्या जानेवारीत साइट्स करारात (धोक्यात आलेल्या झाडाप्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) डालबर्जियाच्या सगळ्या जाती आल्या तेव्हा फार गोंधळ झाला होता, नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. कच्च्या लाकडाचं तसं नाही, त्याचे नियम आहेत, आपल्या वन खात्याचे वेगळे, त्यामुळे लाकूड घेताना बिल घ्याच.

पॉलिश मी लाखेचंच करणार. लाख आपल्या झारखंडची, जगातले भले भले गिटारमेकर फ्रेंच पॉलिशला तीच वापरतात, आणि आपल्याकडे फर्निचरवाले जुने पॉलिशवाले हे काम डोळे मिटून करायचे, त्यांच्यातले फार थोडे उरलेत. दमट हवेत लाखेवर पांढरट झाक येते म्हणून तेही हिवाळ्यातच. दिवाळीनंतर ब्रेस, मग पेटी, मग बाइंडिंग (पेटीच्या कडेच्या पट्ट्या), पॉलिश जानेवारीत, आणि तारा चढतील त्या फेब्रुवारीत. तोपर्यंत मान कोरायचं काम पुरेल.

एक विनंती. तुमच्या ओळखीत कुठे वाडा पाडत असतील, जुनं शिसवी कपाट किंवा पलंग मोडीत निघत असेल तर भंगारात द्यायच्या आधी सांगा. फोटो पाठवताना फळीची रुंदी आणि कापलेल्या टोकाकडच्या रेषा दिसतील असा पाठवा, रेषा उभ्या असतील आणि फळी वीस सेंटिमीटर रुंद भरत असेल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.