मोठ्यांना कसलं धर्मशिक्षण?

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात मी मोठ्यांचा बायबल-अभ्यास घेते. हे कळलं की चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही प्रश्न येतोच: "आमचं सगळं लहानपणीच शिकून झालं, आता या वयात कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

शिकून झालं म्हणजे काय झालं? प्रथम ख्रिस्तप्रसादाआधी प्रश्नोत्तरं पाठ केली. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या, वेळी बिशप विचारतील म्हणून पवित्र आत्म्याची सात दानं घोकली. पुढे लग्नं झाली, आजारपणं आली, घरातली माणसं गेली, आणि या सगळ्याला आपण शाळकरी वयातल्या उत्तरांनी तोंड देत राहिलो. प्रौढांचं शिक्षण हाच धर्मशिक्षणाचा मुख्य प्रकार, असं रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, 1971 सालीच लिहून ठेवलंय. हे माझं खूळ नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, 1616 साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. त्यातल्या हजारो ओव्या काय फक्त पोरांसाठी होत्या?

पण मला खरं सांगायचंय ते एका मावशींबद्दल.

बाप्तिस्म्यावरचा धडा चालू होता. मावशी नेहमी हातात रोजरी घेऊन गप्प बसायच्या. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाप्तिस्म्याआधीच गेलेलं पोर कुठे जातं?" मला वाटलं, सहज विचारताहेत. मी 1992 सालचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ उघडला. अशा बालकांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, आणि त्यांच्या तारणाची आशा धरायला आपल्याला वाव आहे, असं त्यात आहे. 2007 सालचा रोमच्या ईशज्ञान आयोगाचा अहवालही सांगितला. लिंबो, म्हणजे बाप्तिस्मा न झालेली बाळं देवदर्शनाविना राहतात ती जागा, हे ईशज्ञानी पंडितांचं मत होतं, चर्चचा श्रद्धासिद्धांत कधीच नव्हता, हेही सांगितलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझा पहिला मुलगा घरीच जन्मला आणि तासाभरात गेला. पाणी ओतायला फादर यायला हवेत असं आम्हाला वाटायचं. अडीनडीला कुणीही ओतू शकतं, हे मला कुठे ठाऊक होतं? त्याला देव दिसणार नाही म्हणाले. दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, मी सगळ्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावते, त्याच्या जागेवर कधी लावली नाही."

त्यांना हायसं वाटेल, या आशेने मी बघत होते. त्या संतापल्या. "1992 ला छापलं होतं ना? मग मला कुणी सांगितलं का नाही? तू तरी का नाही सांगितलंस?" रोजरी पिशवीत टाकून त्या निघून गेल्या. त्यानंतर वर्गाला आल्या नाहीत. मिस्सेला दिसतात, मान हलवतात, थांबत नाहीत.

"बघ, शिकवून दुखावलंस तिला," असं मला ऐकवणारे आहेत. खरं सांगायचं तर पूर्वी मीही त्यांच्याच बाजूची होते. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, आणि तिच्यासारखी श्रद्धा मला आजही जमलेली नाही. त्या काळच्या मला मी काय उत्तर देऊ? एवढंच म्हणते की मावशी अडाणी राहिल्या नव्हत्या. त्यांना शिकवलं गेलं होतं. अर्धंच शिकवलं होतं, आणि पुढे कुणी येऊन उरलेलं सांगितलं नाही. पण हे त्यांना दाराशी जाऊन ऐकवण्याचा हक्क मला आहे का, ते कळत नाही.

पुढच्या वर्गात अंत्यविधीचा विषय आहे. 1983 च्या धर्मविधीसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, आहे: आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा मानस असेल, तर आधीच गेलेल्या बाळालाही ख्रिस्ती अंत्यविधी देण्याची परवानगी बिशप देऊ शकतात. ते मी वाचणार आहे. मावशींना निरोप धाडायचा की नाही, हे मात्र अजून ठरत नाही.