आत्या काहीच बोलली नाही

मंगळवार, रात्री

पाठ दुखतेय म्हणून झोप येत नाही, असं मघाशी घरात सांगितलं. खरं नाही ते. पाठ रोजचीच आहे.

आज मधल्या खाचरात बेणणी होती, तण काढायचं काम. काल संध्याकाळीच पाणी सोडून बोटभर ठेवलं होतं, त्यामुळे चिखल मऊ होता आणि तण मुळासकट येत होतं. माझ्या उजवीकडे आत्या, पलीकडे आणखी दोघी. मी बांधाकडची पात धरली होती. तासाभरानं मान वर केली तर आत्या शेजारी नाही. मागे वळून पाहिलं. ती माझ्याच पातीत होती, मी पुढे सरकले होते त्या जागेवर, वाकून चिखलात काहीतरी खोचत होती. बांधावर मी टाकलेल्या ढिगातून एक काडी उचलायची, मुळं पाण्यात खळबळायची, अंगठ्यानं दाबून लावायची. मग दुसरी.

भाताची रोपं होती ती. मी उपटलेली.

किती होती ते मोजायचं धाडस झालं नाही. दोन-तीन हात लांबीच्या पट्ट्यात चूडच्या चूड, रोपांचे झुपकेच, गेले होते, आणि तिथंच ते भातासारखं दिसणारं गवत ताठ उभं होतं. एकाही काडीला माझा हात लागलेला नव्हता. तेवढा वेळ मी जे ठेवायचं ते काढत होते आणि जे काढायचं ते राखत होते. हात चालूच होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय कामाला जुंपून घेतलंय हिनं.

आत्या काहीच बोलली नाही. 'लक्ष कुठं आहे गं' एवढंही नाही. नांग्या भरून झाल्यावर हात धुतले आणि आपल्या पातीला लागली. बोलली असती तर मीही काहीतरी उत्तर दिलं असतं, थोडं चिडले असते, आणि विषय तिथंच संपला असता. आता तो माझ्याबरोबर घरी आलाय.

लक्ष कुठं होतं ते मला नीट ठाऊक आहे. हप्त्याची तारीख. इंजिन दोन दिवस खोकतंय, त्याचं काय. आईच्या गोळ्या शुक्रवारी संपतात. धाकटीनं परवा विचारलं त्याला मी 'बघू' म्हणाले, ते बघायचं राहिलंय. खालच्या खाचराचा बांध. दादाचा निरोप आला त्याला आठ दिवस झाले. त्याबद्दल आज लिहीत नाही. हे सगळं एकामागून एक आलं असतं तरी चाललं असतं. येतं ते गोफासारखं, एक दोर ओढला की बाकीचे सगळे त्यात अडकलेले.

पण डोक्यात गर्दी आहे याचं दुःख नाही. गर्दी कोणाच्या डोक्यात नसते? मला टोचतंय ते वेगळंच. इतकी वर्षं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलेय की शेतात उतरलं की डोकं रिकामं होतं. थकून आलेल्यांना सांगितलंय, 'चार दिवस ये, माती हाताला लागू दे, बघ कसं वाटतं.' आणि खोटं नव्हतं ते. चिखलात पाय रुतला की पहिल्या काही पावलांतच श्वास खाली उतरल्यासारखा वाटायचा. मूळ सुळ्ळकन सुटून येतं ते बोटांना कळायचं. सगळ्यात मोठं सुख म्हणजे मागे वळून पाहणं. पुढे गुंतागुंत, मागे स्वच्छ पात, प्रत्येक चूड मोकळा उभा. आयुष्यात बाकी कुठल्या कामात मागे वळल्यावर असं काही दिसतं? हिशेब लिहून झाला की वही मिटते, निरोप पाठवला की उत्तराची वाट बघणं सुरू होतं. एवढं एकच काम होतं की जे केलं ते उन्हात उभं दिसायचं.

आज मागे वळले तर आत्या वाकलेली दिसली.

म्हणजे तीही जागा गेली का? शेत माझं डोकं रिकामं करत होतं. आता मीच डोकं घेऊन शेतात जातेय आणि तिथं ते ओततेय. असं असेल तर मग मी जायचं कुठं? हा प्रश्न लिहिताना हात थांबला. इथं मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. नुसतं बसून राहिले.

ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ मध्ये लिहून ठेवलंय की पुरं झालेलं काम माणूस विसरतो आणि अर्धवट राहिलेलं लक्षात ठेवतो. पुढे अनेकांनी तोच प्रयोग करून पाहिला, सगळ्यांना तसंच आढळलं असं नाही. आठवणीचं काही का असेना, मध्येच तुटलेलं काम पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं, ही ओढ मात्र मी ओळखते. माझी पंचाईत अशी की शेतीत पुरं काय होतं? पेरलं की उगवण्याची वाट, उगवलं की पावसाची, पाऊस आला की तो थांबण्याची. मळणी झाली की बियाणं पुढच्या सालासाठी बाजूला काढायचं, म्हणजे शेवटाच्या आतच सुरुवात. म्हणूनच पातीचं एवढं अप्रूप. बांधापासून बांधापर्यंत, झाली. आख्ख्या शेतीत तेवढाच तुकडा पुरा होतो. आणि आज मी तोसुद्धा अर्धा सोडला.

लहानपणी आत्या मला चिखलातून उचलून बांधावर ठेवायची. हे आत्ता का आठवलं कोण जाणे.

पुरे.

गुरुवार, दुपारी, पाऊस

बाहेर पडता येत नाही इतका लागलाय. काल दिवसभर मंगळवारचं कोणाजवळ बोलले नाही, पण आज सकाळी उठल्या उठल्या आधी मधल्या खाचरात जाऊन आले. आत्यानं खोचलेली रोपं पडली नाहीत. माना खाली आहेत, पानांची टोकं थोडी पिवळी, पण मधला कोंब हिरवा आहे. भाताला एकदा उपटून लावलेलंच असतं म्हणा, आवणातून, रोपं वाढवतात त्या वाफ्यातून काढून. दुसऱ्यांदा उपटणारा हात माझा होता इतकंच.

तिथं उभी असताना एक रोप आणि एक गवताची काडी जवळजवळ धरून नीट पाहिली. वीस वर्षं पाहतेय, तरी अशी थांबून किती वेळा पाहिली असेल? रंग तोच, उंची तीच, पातं तसंच. फरक असतो तो पातं खोडाला जिथं मिठी मारतं त्या सांध्यात. भाताला तिथं कागदासारखा पातळ, पांढरट पडदा असतो, जिव्हिका म्हणतात त्याला, आणि दोन बाजूंना बारीक केसांचे इवलेसे कान. गवताचा सांधा गुळगुळीत असतो, काहीच नाही. फरक एवढाच. ओंब्या आल्यावर तर आंधळाही ओळखेल, पण तोवर उशीर झालेला असतो. एका झाडाला हजारोंनी बी धरतं, आणि ते झडलं की पुढची कित्येक वर्षं त्याच जमिनीत.

हे गवत भातासारखं का दिसतं, ती गोष्ट मला पूर्वीपासून माहीत होती. आज तिचा अर्थ वेगळा लागला. निकोलाय वाविलोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं हे उलगडून सांगितलं. माणूस शेतातलं तण काढतो तेव्हा जे वेगळं दिसतं ते आधी काढतो. आडवं पसरलेलं, बुडाशी लालसर असलेलं तण पहिल्या फेरीतच जातं. जे थोडंसं पिकासारखं असतं ते चुकून राहतं, त्याचंच बी पडतं. पुढच्या साली त्यातलं आणखी पिकासारखं दिसणारं राहतं. अशा शेकडो पिढ्या गेल्या की तण पिकाचं रूप घेऊन उभं राहतं. आणि त्याला हे रूप दिलं कोणी? खुरपणाऱ्यानंच, स्वतःच्या हातानं. यांगत्से नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांमधून याच गवताचे नमुने घेऊन त्यांची जनुकं तपासली गेली, तो अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात हे सोंग घेणं सुमारे १००० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचा अंदाज आहे. हजार वर्षांच्या वाकलेल्या पाठी आहेत त्या गवताच्या ताठ उभं राहण्यामागे.

पाऊस ऐकत बसले आणि वाटलं, माझ्या काळज्यांचं अगदी हेच झालंय. उघड उघड फालतू असतात त्या मी केव्हाच उपटून टाकते. कोण काय म्हणेल, कोणाचं शेत आपल्यापेक्षा हिरवं, या गोष्टींनी माझी झोप जात नाही, त्याला वर्षं झाली. उरल्यात त्या सगळ्या कामाचं रूप घेतलेल्या. हप्त्याची तारीख मनात दहा वेळा घोळवणं हे हप्त्याचं काम केल्यासारखं वाटतं. इंजिनाचा विचार करणं इंजिन दुरुस्त केल्यासारखं वाटतं. वाटतं मी जबाबदारीनं वागतेय. खरं काम एकच असतं, आणि ते पाच मिनिटांचं: फोन उचलायचा, विचारायचं. ते बाजूलाच राहतं. मग त्या काळजीला मी हात कसा लावणार? मला ती भातच वाटते.

हे लिहून झाल्यावर जरा हुशार झाल्यासारखं वाटलं, म्हणून तिथंच पेन ठेवणार होते. पण वाविलोव्हची गोष्ट तिथं संपत नाही आणि मला ती अर्धी वापरायची नाही. राय नावाचं धान्य मुळात गव्हातलं तण होतं. थंडी वाढली, जमीन हलकी असली की गहू मान टाकायचा आणि राय तगून राहायची. शेवटी लोकांनी तिलाच पीक मानलं आणि मुद्दाम पेरायला लागले. ओटचंही तसंच. म्हणजे सोंग घेऊन आलेलं सगळंच उपटायचं नसतं. गेल्या पावसाळ्याआधी मी खालच्या सांडव्याचा इतका धोशा लावला होता की घरातले वैतागले. अखेर दगड बसवून घेतले. त्या मोठ्या पावसात शेजारचे तीन बांध गेले आणि आपला राहिला. ती काळजी मला रात्रभर जागी ठेवायची तेव्हा मी तिला शिव्याच देत होते.

आता कुठली राय आणि कुठलं गवत, हे कसं ओळखायचं? सांधा बघूनच. तसा सांधा काळजीलाही असतो का, याचा विचार केला. मला एवढंच सुचलं की जिला धरून आजच्या आज हातानं काही करता येतं, तिला पांढरा पडदा असतो. ही खूण अगदी पक्की आहे असं नाही. दादाच्या निरोपाला ती लागू होते का, ते अजून ठरवता आलेलं नाही.

वाविलोव्हला १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये तो तुरुंगात, सारातोव्हला, उपासमारीनं गेला. देशोदेशीचं बियाणं गोळा करणारा माणूस. हे वाचलं त्याला बरीच वर्षं झाली, तरी दरवेळी पोटात काहीतरी होतं.

मेकॅनिकला फोन केला. वॉशर गेलाय म्हणाला, उद्या येतो. चार मिनिटं लागली. मग गोळ्यांचं सांगून टाकलं. धाकटीला हाक मारली, ती आली, तिला जे विचारायचं होतं ते तिनं पुन्हा विचारलं, आणि यावेळी मी उत्तर दिलं. तिला ते फारसं आवडलं नाही. तरी शेजारीच बसून राहिली, पाऊस बघत.

शेतात डोकं रिकामं होतं असं आता कोणाला सांगेन का? सांगेन बहुतेक, पण त्याच शब्दांत नाही. ते आपोआप होत नाही. वीस वर्षं ते आपोआप झालं असं मला वाटायचं, कारण तेव्हा पलीकडच्या पातीला आई असायची, पुढे काका, आणि माझ्या वाटणीला फक्त माझी पात यायची. बाकीचं शेत त्यांच्या डोक्यात असायचं. आता ते माझ्या डोक्यात आलंय. त्यामुळे पहिल्या पावलाला श्वास खाली उतरत नाही, याचं मला मंगळवारी जितकं वाईट वाटलं तितकं आज वाटत नाही. उतरायला वेळ लागतो, एवढंच झालंय. आणि लावणीनंतरचे पहिले सहा आठवडे भाताला तण सगळ्यात जास्त छळतं. त्या दिवसांत मलाही सगळंच एकदम येणार, दरवर्षी येतं. यंदा ते मला नव्यानं दिसलं.

मघाशी आत्या घोंगडी पांघरून ओसरीत आली. शेवटी मीच म्हणाले, "आत्या, परवा माझ्याकडून चूड गेले."

"जगलीत गं ती," ती म्हणाली. "सकाळी बघून आले मी."

म्हणजे आम्ही दोघी जाऊन आलो होतो, वेगवेगळ्या वेळी.

मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. पन्हाळीतून पाण्याची धार पडत होती. उठताना ती म्हणाली, उद्या उघडीप दिली तर खालचं खाचर घेऊ, आणि तू बांधाकडची पात नको धरू, माझ्या शेजारची धर.