वीस डॉलर आणि दोनशे रुपये

सोमवार, रात्री उशिरा

आज दिवसभर एका दोनशेच्या नोटेने माझा पिच्छा पुरवला आहे. नोट माझ्याजवळ नाही. असती तर बहुधा मी ती विसरूनही गेलो असतो. सकाळी वेंगुर्ल्याहून पहिली गाडी धरायची म्हणून मी अंगणात चपला घालत होतो, तेव्हा मावशीने चार घड्या घातलेली ती नोट माझ्या हातात दाबली आणि मी नेहमीच्या सवयीने ‘नको गो’ म्हणून ती तिच्याच मुठीत परत कोंबली. ‘माका पैसे घेवन काय करूचा आसा?’ असे ती म्हणाली. मग तिने मूठ मिटली आणि तुळशीकडे वळली. रोज असते त्यापेक्षा जरा लवकर वळली, असे मला गाडीत बसल्यावर वाटू लागले.

अशा नोटा आमच्यात पूर्वीपासून जात-येत आहेत, त्यामुळे यात लिहून ठेवण्यासारखे काही नाही, हे मला कळते. परंतु काल रात्री तिच्याच माजघरात बसून, धाकट्या भाच्याच्या हट्टापायी, ‘स्पायडरमॅन’चा दुसरा भाग पाहिला होता. त्यात पीटरचा, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनचा, वाढदिवस होतो. घराच्या थकलेल्या हप्त्यांचे पत्र त्याच्या नजरेस पडलेले असते, आणि तरीही मे काकू पाकिटातून वीस डॉलर काढून त्याच्यापुढे धरते. तो नको म्हणतो. त्याबरोबर इतका वेळ गोड बोलणारी ती म्हातारी एकदम त्याच्यावर ओरडते, की फार नाहीत, पण घे! आणि लगेच ओशाळून बेनकाकांची, म्हणजे तिच्या वारलेल्या नवऱ्याची, फार आठवण येते म्हणते. मावशी वाती वळत बसली होती. हिंदीतले संवाद तिला कितपत कळत होते कोण जाणे, पण हातातल्या कापसावरची नजर न काढता ती पडद्यावरच्या पीटरला म्हणाली, ‘घे रे मेल्या, घे.’ धाकटा हसला. मीही हसलो. आणि त्यानंतर दहा तासांच्या आत मी अंगणात उभा राहून तेच केले.

हा चित्रपट २००४ मध्ये आला तेव्हा मी मुंबईत होतो आणि तो एकट्यानेच पाहिला होता. मुंबईतल्या त्या खोलीविषयी आज लिहायचे नाही. त्या वेळी माझ्या लक्षात राहिली ती फक्त आगगाडी. काल मात्र गाडीचा प्रसंग येईपर्यंत मी निम्मा त्या वीस डॉलरांपाशीच अडकलेला होतो, आणि तेव्हापासून मनात या चित्रपटाची उलटतपासणी चालली आहे.

पहिल्या भागाचे काम सोपे असते. कोळी चावतो, अंगात बळ येते, पोरगा भिंती चढतो, प्रेक्षक खूश. दुसऱ्या भागाला त्या बळाचे रोजचे भाडे भरावे लागते, आणि सॅम रेमी या दिग्दर्शकाने ते अक्षरशः भाडेच केले आहे. नायकाची खोली भाड्याची, घरमालक दारातच पैशांसाठी उभा; पिझ्झा २९ मिनिटांत पोहोचवायचा, तो वाटेत दोन पोरांचे जीव वाचवल्यामुळे उशिरा पोहोचतो आणि नोकरी जाते. एका प्रसंगात त्याच्या जाळ्याचा धागाच सुटत नाही, म्हणून तो पूर्ण वेषात लिफ्टने खाली उतरतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला हा पोशाख अंगाला खाजतो असे सांगतो. धाकट्याला यात फारशी गंमत वाटली नाही, ‘मारामारी कधी?’ असे त्याने तीनदा विचारले. मला मात्र आपल्याकडच्या दशावतारी नटांविषयीची म्हण आठवली: रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. जत्रा सुरू झाल्या आहेत. रात्रभर मुकुट मिरवलेला इंद्र सकाळी तोंडाचा रंग पुसून पेटारा सांभाळत पुढच्या गावची वाट धरतो, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले आहे, त्यामुळे पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून चालू लागणारा पीटर आम्हाला परका वाटण्याचे कारण नाही. (ती डब्याची कल्पना मूळ चित्रकथामालिकेच्या ५० व्या अंकातली, म्हणजे १९६७ मधली आहे. चित्रपटाने ती जवळजवळ तशीच उचलली, हे चांगलेच केले.)

खलनायकही मला आवडतो. आल्फ्रेड मोलिनाचा ऑक्टेव्हियस पहिल्यांदा भेटतो तो बायकोबरोबर जेवणाच्या टेबलावर हसत गप्पा मारणारा शास्त्रज्ञ म्हणून, आणि म्हणूनच पुढे त्याच्या पाठीला चिकटलेले ते चार लोखंडी हात पाहून भीतीआधी वाईट वाटते. चित्रपटाला ऑस्कर मिळाले ते दृश्य-परिणामांसाठी, पण त्या हातांची कित्येक दृश्ये संगणकाने काढलेली नाहीत. खरोखरीचे बाहुलीहात करून ते माणसांकरवी हलवलेले आहेत. आमच्या शेजारच्या पिंगुळीत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. बाहुली वळण्याआधी क्षणभर थबकते, ते थबकणे त्या हातांत आहे. गाडीचा प्रसंग तर आजही निर्दोष वाटतो. ब्रेक नसलेली गाडी हा पोरगा छातीने अडवतो आणि शुद्ध हरपून पडू लागतो, तेव्हा आतले उतारू त्याला शिमग्यातल्या पालखीसारखा हातोहात आत घेतात. मुखवटा उतरलेला असतो, आणि कोणीतरी म्हणते की हा तर अगदीच पोर आहे.

दोषही आहेत, आणि ते मी आज जरा जास्तच चवीने मोजले. डॉक्टर ऑक्टोपसला, म्हणजे त्याच ऑक्टेव्हियसला, स्पायडरमॅनचा पत्ता पीटरकडून हवा असतो, पीटर हाच स्पायडरमॅन हे त्याला ठाऊक नसते, आणि तरीही तो कॅफेच्या काचेतून त्याच्या अंगावर अख्खी मोटार फेकतो. मेला असता तर पत्ता कोणाला विचारणार होता? शेवटी ऑक्टेव्हियसने प्रयोगात पेटवलेला तो धगधगता कृत्रिम सूर्य नदीत बुडवून विझवतात, जणू चुलीतले लाकूडच पाण्यात खुपसले. पीटरच्या मित्राला, हॅरीला, आरशात मेलेला बाप दिसतो, ते तर निव्वळ पुढच्या भागाचे बी पेरून ठेवणे आहे. पीटरचे जिच्यावर प्रेम आहे त्या मेरी जेनच्या वाट्याला मुख्यतः रुसणे आणि पळवले जाणे आले आहे. ती लग्नमंडपातून पीटरकडे धावत येते तेव्हा सगळे तिच्या धावण्याकडे पाहतात, आणि मागे उभ्या राहिलेल्या त्या सरळमार्गी नवऱ्यामुलाची विचारपूस कोणी करत नाही. याविषयी मला आणखी लिहिता येईल, पण नको.

सर्वांत मोठा दोष मात्र मला मे काकूच्या भाषणात वाटतो. घर सोडण्याची बांधाबांध चालू असताना ती पीटरला सांगते की प्रत्येकाच्या आत एक नायक असतो, आणि वेळ आली तर सर्वांत प्रिय गोष्टीवरही पाणी सोडावे लागते. काकूचे काम करणारी रोझमेरी हॅरिस हे उत्तम बोलते, पण सांगायची गरज काय होती? घर हातचे जात असताना वीस डॉलर पुढे करणाऱ्या बाईने आपले भाषण तासाभरापूर्वीच करून झालेले होते. मधल्या एका प्रसंगात, बेनकाकांच्या मृत्यूला आपण कारण झालो अशी कबुली पीटर देतो, तेव्हा ती काही न बोलता त्याच्या हातातून आपला हात काढून घेते आणि जिना चढून वर जाते. तिथे दिग्दर्शकाला गप्प बसणे जमले होते.

हात काढून घेणे. इथवर लिहून मी पुन्हा अंगणात येऊन उभा राहिलो.

मी नोट का घेतली नाही, याची मी दुपारपासून स्वतःला चांगली चांगली कारणे देत आहे. तिचे पेन्शन केवढे, सोसायटीचे ते प्रकरण अजून मिटलेले नाही, यंदा कापणीत पाऊस पडला. सगळी कारणे खरी आहेत. पण पीटरकडेही अशीच खरी कारणे होती, आणि तरी म्हातारी ओरडली, कारण तो नको म्हणाला त्याचा अर्थ तिच्यापुरता एवढाच होता की आता तू देणाऱ्यांतली राहिली नाहीस. मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर मी घेतली असती. आणि मग दुपारभर मला माझीच दया येत राहिली: सगळ्यांचे मीच पाहायचे, औषधे मी आणायची, रविवार माझे जायचे, आणि एका नोटेवरून अपराधीही मीच व्हायचे. कचेरीत दोघांशी तुटकपणे बोललोसुद्धा.

संध्याकाळी मात्र चित्रपटातली एक गोष्ट आठवून मला माझेच हसू आले. बळ परतले असे वाटून पीटर गच्चीवरून ‘मी परत आलो’ असे आनंदाने ओरडत उडी मारतो आणि थेट खाली मोटारींवर आदळून पाठ धरून लंगडत निघतो. दिग्दर्शक त्याला करुण होऊच देत नाही, लगेच पाडतो. मलाही कोणीतरी पाडायला हवे होते. ते काम मावशीने केले.

रात्री जेवण झाल्यावर मी तिला फोन लावला. नोटेचा विषय कसा काढावा हे ठरवलेले नव्हते, म्हणून आधी गुडघ्याचे विचारले, मग पाण्याच्या पंपाचे. शेवटी म्हटले, ‘सकाळी ते पैसे घेतले नाहीत म्हणून रागावलीस नाही ना?’ पलीकडे थोडा वेळ शांतता होती. तिला कोणते पैसे तेच आठवत नव्हते. मग म्हणाली, ‘ते मगे? त्येंचे बांगडे घेतलंय.’ दारावर आलेल्या बाईने चांगले ताजे दिले, तिखले केले, धाकटा दोनदा वाढून घेऊन जेवला, आणि तू थांबला असतास तर तुलाही मिळाले असते, एवढे सगळे तिने एका दमात सांगितले. मागून धाकट्याचा आवाज आला की मामाला विचार, तिसरा भाग कधी बघायचा.

तिसरा भाग २००७ चा. त्यात एकाच्या जागी तीन खलनायक आहेत आणि नायक केस कपाळावर आणून रस्त्यात नाचतो. मी रविवारी येतो म्हणालो.