चुलत की मावस? प्रोजेक्टची प्रगती आणि तीन आठवड्यांचा घोळ

मंडळी, तीन आठवडे काहीच टाकलं नाही कारण सगळा वेळ फोनवर गेला. प्रोजेक्ट म्हणजे आमच्या घराण्यात उंची किती आनुवंशिक आहे ते वंशावळीवरून काढायचं. आर (आकडेमोडीची संगणकभाषा) उघडून बसायचो आणि अर्ध्या तासात कुठल्या तरी काकूला फोन लावायला लागायचा.

आधी जुनं संपवतो. ओपनएमएक्ससोबत (आरमधलं मॉडेलिंगचं पॅकेज) जो ऑस्ट्रेलियन जुळ्यांचा डेटा येतो (३८०८ जोड्या) त्यावर हात बसवून झाला. बीएमआयवर एसीई मॉडेल (माणसांतल्या फरकाचे तीन वाटे: ए जनुकांचा, सी घरच्या सामायिक वातावरणाचा, ई बाकीचा) मुकाट्याने चाललं, म्हटलं आता उंची घेऊ, तर लाल स्टेटस, कोड ६ (म्हणजे उत्तर नीट सापडलं नाही), परत रन केलं परत कोड ६, सुरुवातीच्या व्हॅल्यू बदलून पाहिल्या तरी तेच. दोन संध्याकाळी गेल्या. कारण काय, तर त्यात उंची मीटरमध्ये आहे, म्हणजे सगळे आकडे १.६, १.७ च्या आसपास, व्हेरिअन्स (आकड्यांतला पसारा) इतका बारीक की ऑप्टिमायझर (सर्वांत चपखल उत्तर शोधणारा भाग) बिचारा चाचपडत बसतो. उंचीला दहाने गुणलं आणि सुटलं. यूएमएक्सच्या (ओपनएमएक्स सोपं करणारं पॅकेज) हेल्पमध्ये उदाहरणातच हे लिहिलेलं आहे, मीच वाचलं नव्हतं. आणि हो, क्रॅनवरून (आर पॅकेजेसचं भांडार) ओपनएमएक्स घेतलं तर एनपीएसओएल हा ऑप्टिमायझर त्यात येत नाही, तो मुक्त-स्रोत नाही म्हणून. माझं एसएलएसक्यूपी या दुसऱ्या ऑप्टिमायझरवर छान चाललंय, अडलं काही नाही.

आता मुख्य गोष्ट, आमच्याच घराण्याची वंशावळ. (बिहेविअर जेनेटिक्सची (स्वभाव-वागण्यातल्या आनुवंशिकतेची) टूल्स घेऊन उंची का मोजतोस असं एकाने विचारलं, तर बाबा रे, काकांना 'तुम्हाला किती वेळा राग येतो' ही प्रश्नावली द्यायची माझी छाती नाही.) आमच्याकडे कुलवृत्तांत आहे, पिवळ्या पडलेल्या पानांचा, त्यातून चार पिढ्या टाइप केल्या, नावं काढून नुसते नंबर ठेवले. पहिला फटका तिथेच. वंशावळीवरून नातं मोजणाऱ्या किनशिप-टू पॅकेजला प्रत्येक माणसाचे एकतर दोन्ही पालक लागतात नाहीतर एकही नाही, नुसता बाप चालत नाही, आणि आमच्या छापील वंशावळीत वरच्या दोन पिढ्यांत बापच बाप आहेत. आया कंसात, तेही नुसतं माहेरचं आडनाव. मग प्रत्येक आईला नंबर देत बसलो.

दुसरा फटका माझ्या अडाणीपणाचा. किनशिप-टूने दिलेली मॅट्रिक्स (कोण कुणाच्या किती जवळचं याचा तक्ता) तशीच मॉडेलला लावली आणि कर्णावर (ज्याचं त्याच्याशीच नातं) पाहतो तर सगळीकडे ०.५, म्हणजे मी माझाच अर्धा नातेवाईक. तो किनशिप कोएफिशंट असतो, सख्ख्या भावंडांत ०.२५. आपल्याला लागते ती त्याची दुप्पट, भावंडांत ०.५ वाली. तशीच ठेवली असती तर व्हीए (फरकातला जनुकांचा वाटा) दुप्पट फुगून आला असता आणि मी खूश होऊन इथे टाकलं असतं! त्यानंतर बीजीमिस्क या दुसऱ्या पॅकेजवर आलो, त्यातलं फंक्शन पेड-टू-अ‍ॅड थेट हवी ती मॅट्रिक्स देतं, सोबत आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची वेगळी मॅट्रिक्सही काढता येते.

ती काढायची म्हणून आयांकडे नीट पाहिलं आणि खरी गंमत कळली. आमच्या दोन चुलत आजोबांच्या, म्हणजे दोन सख्ख्या भावांच्या, बायकांचं माहेरचं आडनाव एकच. म्हटलं योगायोग असेल, तरी कोथरूडच्या आत्याला फोन केला.

"अरे, सख्ख्या बहिणीच त्या! एकाच मांडवात लग्नं लागली दोघींची. तुला कुणी सांगितलं नाही?"

नाही ना सांगितलं. आणि सॉफ्टवेअरला तर कोण सांगणार, त्याच्या लेखी बाहेरून आलेली प्रत्येक सून बिननात्याची. त्या दोन घरांतली मुलं मी साधी चुलत धरली होती, ०.१२५. पण ती एकमेकांची चुलतही आणि मावसही, म्हणजे ०.२५, एकच पालक समान असलेल्या सावत्र भावंडांइतकी जवळची. दोन्ही आज्यांचे आईवडील म्हणून ९०१ आणि ९०२ अशा दोन ओळी घातल्या, नावंही माहीत नाहीत, चालतं, नंबर पुरतो. परत रन केलं, ०.१२५ चे ०.२५ झाले आणि मायटोकॉन्ड्रियाच्या मॅट्रिक्समध्ये तिथे शून्याचे एक. ते एक बघून मी रात्री साडेअकराला एकटाच टाळी वाजवली, बायको आतून म्हणाली झोपा आता.

उंचीचं विचारू नका. सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'पाच सहा', 'पाच आठ' अशी पाठवली, मी शीटमध्ये ५.६, ५.८ भरत गेलो. एक काका ५.१०. शीटने मागचं शून्य खाल्लं, ५.१ केलं, आणि घरातला सगळ्यात उंच माणूस पाच फूट एक इंच! आलेखात तो टिंब खाली पडलेला दिसला म्हणून सापडलं, नाहीतर गेलं होतं. आता फूट एका कॉलममध्ये, इंच दुसऱ्यात, मग सेंटीमीटर.

शेवटी ओपनएमएक्सच्या जीआरईएमएलने (नात्यांच्या मॅट्रिक्सवरून वाटे काढणारी पद्धत) रन केलं, लिंग कोव्हेरिएट म्हणून घालून, म्हणजे स्त्री-पुरुष फरक बाजूला काढून. एकूण ४३ माणसं. एस्टिमेट आला, पण स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) त्याच्याहून मोठा, म्हणजे हेरिटेबिलिटी (आनुवंशिक वाटा) शून्यही असेल आणि एकही. सी वेगळा काढायचा प्रयत्न केला तर ए आणि सी एकमेकांच्या अंगावर पडले, साहजिक आहे, आमच्याकडे ज्यांचं रक्त एक त्यांचं ताटही एकच होतं. आकडा म्हणून टाकत नाही इथे, टाकण्यासारखा नाहीच. मॅट्रिक्स मात्र आता बरोबर आहे याची खात्री आहे.

पुढचं काम आईकडची बाजू. तिकडे एक मामाच्या मुलीशी झालेलं लग्न आहे, त्यांच्या मुलांचा कर्णावरचा आकडा १ न येता १.०६२५ यायला हवा. तो येतो का बघतो, आणि रविवारी टेप घेऊन आत्याकडे जातोय, कारण तिने स्वतःची उंची पाच पाच सांगितलीये आणि मला ती पटलेली नाही.